पहिला आकडा सोडून द्यायचा

६ ऑक्टोबर

पोचले एकदाची टिंकर्स हार्बरला! सेंट जॉन्सपासून बसला धुक्याने घेरलं होतं, आणि बंदर दिसताच लख्ख ऊन पडलं. दवाखान्याची नवी नर्स म्हणून माझी खोली एफीमावशी पार्डीच्या घरी. वय सत्तरीचं, जीभ विशीची. तळलेले पाव काकवीत बुडवून पुढ्यात ठेवत म्हणाली, खा गं राणी, तुझ्यापेक्षा माझ्या दारातल्या खुंटीला जास्त मांस आहे. रविवारी खारवलेल्या मांसाचं मोठं पातेलं चढणार आहे म्हणे. बीपीमुळे दोन वर्षं बंद होतं, आता डॉक्टरांनी सूट दिली. मला हे घर फारच आवडलंय.

८ ऑक्टोबर

दवाखाना म्हणजे डॉ. टिझर्ड, काउंटरवर व्हर्ना आणि मी. मागे एक छोटी खोली, फक्त बीपी मोजायची. एक खुर्ची, एक यंत्र, बस्स. पेशंटच्या डाव्या दंडाला पट्टा बांधायचा, पहिला आकडा माझ्यासमोर येऊ द्यायचा आणि दार ओढून बाहेर यायचं. पुढचे पाच आकडे यंत्र आपलं आपण घेतं. नर्स समोर असली की माणसाचं बीपी चढतं, म्हणून पहिला आकडा सोडून द्यायचा, पाचांची सरासरी धरायची. मोजणी संपेपर्यंत आत बोलायचं नाही आणि बाहेरच्यांनी दार उघडायचं नाही. व्हर्ना या बाबतीत भलती कडक. मागे एकदा आग लागल्याची घंटा वाजली, तरी हिने आतल्या पेशंटला उठू दिलं नव्हतं!

१५ ऑक्टोबर

सगळ्यांचं बीपी उत्तम. इतकं मीठ खाणाऱ्या गावाचं? डॉक्टर खुशीत गोळ्या कमी करत सुटलेत आणि दुकानातलं खारं मांस संपलंय. मला मात्र कसंतरीच होतंय. उगाच.

२१ ऑक्टोबर

उगाच नाही. पहिले आकडे प्रत्येकाचे वेगळे. पुढचे पाच मात्र सगळ्यांचे तेच: १२१, १२२, १२१, १२२, १२१. मच्छीमार गारलंडचे तेच, शाळेच्या बाईंचे तेच. जणू पेशंट बदलतोय आणि मोजला जाणारा दंड एकाच माणसाचा आहे. डॉक्टरांना सांगितलं. ते हसले, पण नवीन यंत्र मागवलं.

२९ ऑक्टोबर

नवीन यंत्र. तेच आकडे.

आज एफीमावशीची पाळी होती. पहिला १८८! मग मी बाहेर, व्हर्नासोबत चहा पीत. मावशी बाहेर आली ती मलाच चिडवत: दार लावायचं नुसतं नाटक करतेस होय गं, सगळा वेळ माझा हात धरून तर बसली होतीस, आणि हात केवढे गार तुझे, नवरा मिळायचा नाही अशाने. मी हसले. हसण्याशिवाय काय करणार? तिच्या उजव्या दंडावर जांभळं कडं उमटलं होतं. पट्टा मी डाव्या दंडाला बांधला होता.

डॉक्टरांनी तिच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. मी १८८, १८८ करत भांडले. ते म्हणाले, पहिला आकडा सोडून द्यायचा असतो, शिकली नाहीस का?

२ नोव्हेंबर

झोप नाही. गोळ्या सोडू नकोस म्हणून मावशीच्या हातापाया पडले. तिने बाटली सरळ चुलीत टाकली आणि मांसाचा आणखी एक तुकडा वाढून घेतला. म्हणाली, डॉक्टर तू की तो?

५ नोव्हेंबर

मावशी पडली. चुलीपाशी. उजवी बाजू गेली, वाचा गेली. मोठ्या हॉस्पिटलात नेलंय. डाव्या हाताने सारखी उजवा दंड चोळते आणि माझ्याकडे बघते. तिला काय सांगायचंय ते मला कळतंय. मला एकटीलाच.

७ नोव्हेंबर

डॉक्टर म्हणतात मावशीचं वयच झालंय. आणि गारलंडच्या गोळ्याही बंद! असं एकेक करून अख्खं गाव — नाही. आज त्यांच्याकडून शब्द घेतला. पट्टा थर्मासला गुंडाळून मी स्वतः आत बसते. यंत्राने थर्मासचं बीपी दाखवलं, तर सगळ्यांच्या जुन्या गोळ्या परत सुरू. नुसता थर्मास ठेवून चालणार नाही. आत काय होतं ते कुणीतरी बघायला हवं. व्हर्ना म्हणाली, चहाचं बीपी मोजणारी नर्स पहिल्यांदाच बघतेय.

मला भीती वाटतेय. फार.

१० नोव्हेंबर

आत आहे. दार लावलं. पलीकडे डॉक्टर आणि व्हर्ना. वही मांडीवर, पेन डाव्या हातात; मी डावखुरी.

पहिला आकडा माझाच. १६४. पट्टा सोडला, थर्मासला गुंडाळला.

पंप सुरू —

१२१.

थर्मासचं! आता बोला म्हणावं! गारलंडला आजच गोळ्या —

पुन्हा पंप. पट्टा फुगला नाही. थर्मासवर लोंबतोय नुसता. तरी १२२.

खोली गार. उजवीकडून —

ओरडले. दार उघडा. व्हर्ना दाराआडून म्हणतेय, बोलू नकोस राणी, आकडा चुकेल. डॉक्टर हसतायत.

१२१.

उजव्या दंडाला गार हात. आवळतोय. उठता येत —

हाक मार — जीभ जड — तोंड एका बाजू —

१२२.

मावशी हेच सांग —

पहिला आकडा सोडू नका पहिला आपला अस