दहा गाणी, दहा ओरखडे

३ तारीख, सकाळ
सूनबाई, तारीख लिहिलीस का? चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणारी तू, तुझ्यावर भिस्त ठेवायची म्हणजे कठीणच. मला लिहिता-वाचता येत नाही म्हणून तू लिही. वाचायचं मात्र नाही, ही रोजनिशी खासगी आहे.
तर आजपासून आमच्या रॉक बँडचा अल्बम. बेचाळीस वर्षांत पहिला. दुसऱ्यांची गाजलेली दहा गाणी. गाणार मी, गिटारवर माझे दीर, ड्रमवर ठोक्या. भाऊजींना शब्द कागदावर लागतात. माझं सगळं तोंडपाठ. संकल्प: प्रत्येक गाणं एका टेकमध्ये.

४ तारीख
एकही झालं नाही. दोष मशीनचा. रेकॉर्डिस्ट म्हणाला, आजी, कडव्याची शेवटची ओळ तीनदा का घेता आणि मधेच उडी का मारता? म्हटलं, बाळा, गाणंच तसं आहे. त्याने मूळ गाणं लावलं. ओळ एकदाच. उडी नाही. त्याची प्रत खराब असणार.

५ तारीख, दुपार
दहाही मूळ गाणी ऐकली. दहाही प्रती खराब. योगायोग, दुसरं काय!
चहाच्या वेळी भाऊजी हळूच म्हणाले, वहिनी, घरातल्या ज्या जुन्या रेकॉर्डांवरून तुम्ही गाणी शिकलात, त्यांच्यावर ओरखडे होते. सुई अडकायची, मग उडी मारायची. म्हटलं, मग बेचाळीस वर्षं मूग गिळून का बसलात? म्हणाले, तुम्ही इतक्या झोकात गायचात, आम्ही वाजवताना ओरखडाच बसवून घेतला. ठोक्या म्हणे, मला वाटायचं ती आपली स्टाइल आहे.
काही बिघडलं नाही. उद्या सरळ गाते. उडी मारायची नाही, एवढंच ना?

६ तारीख
सव्वीस टेक. डोकं थांब म्हणतं, जीभ ऐकत नाही. एकदा जमलं, तर आनंदाच्या भरात मी "जमलं!" म्हणून ओरडले. तेही रेकॉर्ड झालं. रेकॉर्डिस्टने कापून, जोडून पाहिलं. गाणं लंगडतं. अल्बम काढणाऱ्या कंपनीचा माणूस म्हणाला, परवापर्यंत नाही जमलं तर दुसरं कोणी गाईल. फार गोड हसून म्हणाला. मी घाबरले नाही.

७ तारीख
दिवसभर बाथरूममध्ये सराव. अगदी पक्कं झालं. शेजारीण भिंतीपलीकडून ओरडली, काकू, कुठे अडकलात का? तिला गाण्यातलं काय कळतंय!

८ तारीख, संध्याकाळ
आता भाऊजी गातात. दहाही गाणी. बरं गातात, असं लिही. नको, "बरं" खोड. चांगलं गातात.
मला गाण्यात टाळ्या वाजवायचं काम दिलंय. काचेपलीकडून रेकॉर्डिस्ट म्हणाला, आजी, जरा हळू.
मी रडले वगैरे नाही. लिहिलंस? मग तेही खोड.
उद्याच्या डब्यात भाऊजींना गरम सूप दे, त्यांचा घसा जपायला हवा. माझ्या घशाला आता सुट्टीच आहे. मला झणझणीत लोणचं पाठव, आणि वर आइस्क्रीम.