फीत कोणी कापली?

रविवार, सायंकाळ.

मी, दत्ताराम सखाराम तावडे, वय चौऱ्याहत्तर, राहणार लालबाग, शिक्षण चौथी, निवृत्त गिरणी कामगार, आज प्रथमच रिमोटच्या विमानांच्या लढतीत उतरलो.

वडाळ्याच्या मैदानात प्रत्येक विमानामागे कागदी फीत बांधली होती. दुसऱ्याची फीत आपल्या विमानाच्या पंख्याने कापायची. सूनबाई वैशालीने स्वतःचा रिमोट माझ्या रिमोटला जोडला होता. मी चुकलो, तर ताबा तिच्याकडे.

परळच्या साळवींच्या विमानाची फीत माझ्या विमानाने कापली गेली. "अण्णा, पहिल्याच दिवशी इज्जत काढलीत माझी!" ते ओरडले. टाळ्या पडल्या. मी हात जोडले.

आता तेच सलते आहे. फीत जवळ येताच मी पतंगाच्या सवयीने रिमोटची दांडी जोरात स्वतःकडे खेचली. दांडी खेचली की विमान वर जाते. ते मात्र खाली झेपावले. मग फीत कापली कोणी?

"तुम्हीच की, अण्णा," मी विचारल्यावर वैशाली म्हणाली, पण माझ्याकडे न पाहता. तिने खोटे का बोलावे? मी इतका केविलवाणा दिसलो काय?

पुढील रविवारी जोडणी नको, असे तिला बजावले.

"विमान फुटेल हो!"

"फुटू दे. माझ्या हातून फुटेल."

समक्ष हजर साक्षीदार: श्री. साळवी व सौ. वैशाली. पैकी एकीलाच खरे ठाऊक आहे.