सासूबाईंचा आमच्याकडचा महिना

२८ नोव्हेंबर
एक तारखेपासून सासूबाई आमच्याकडे जेवणार. चुली वेगळ्या झाल्या तेव्हाच ठरलं, एक महिना धाकट्या जावेकडे, एक आमच्याकडे. मागच्या खेपेला आमच्याकडून गेल्या आणि लगेच डॉक्टर म्हणाले, रक्त कमी आहे. सविताकडे महिनाभर जेवून आता चेहऱ्यावर तेज आलंय म्हणे. गल्लीत जिच्या तिच्या तोंडी सविता. म्हणजे मी उपाशी ठेवत होते?

तिच्या फळीवर बरण्यांची रांग. नाचणी, हुलगे, जवस, खारीक. न बघितल्यासारखं करून सगळं बघून आले.

२९ नोव्हें.
तिसगावच्या बाजारातून नाचणी, हुलगे, मटकी, तीळ, गूळ आणला. खारीक सविताच्यापेक्षा जाड. हे म्हणाले, आईला दात कुठेत?
बाजरी पायलीभर एकदमच दळून आणली. डबा काठोकाठ भरलेला दिसला पाहिजे.

१ डिसें.
आल्या नाहीत. कणकण आहे म्हणे. सविता म्हणाली, "ऱ्हाऊ द्या ना आक्का हितंच चार दिवस." अंगाचा तिळपापड झाला. कायमच्याच ठेवून घे, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण ती ठेवूनही घेईल. मग गावात तोंड कुठं लपवू?

५ डिसें.
अजून तिकडेच. दुपारी तिच्याकडून शेवग्याच्या पाल्याच्या भाजीचा वास. जळते मी, लिहायला काय लाज.
मोड आलेली मटकी दोन दिवस आम्हीच खातोय.

९ डिसें.
आल्या एकदाच्या! हुलग्याचे शेंगोळे, बाजरीची भाकरी. पूर्ण भाकरी खाल्ली. सविता विरजण मागायच्या निमित्ताने डोकावलीच. कशी झाली भाकरी, म्हणून विचारलं तिनं. सासूबाई म्हणाल्या, "ग्वाड हाय." सविताचं तोंड एवढंसं झालं. इतकं बरं वाटलं मला.

मग मी जेवायला बसले. पहिलाच घास कडू. त्यांच्यासाठी राखलेलं पीठ इतके दिवस डब्यात तसंच. बाजरीचं पीठ राहिलं की कडू होतं, हे शाळेतल्या पोरीलाही कळतं. आणि त्यांनी अख्खी भाकरी

१० डिसें.
पीठ म्हशीला घातलं. सासूबाईंना विचारलं, बोलला का नाहीत? म्हणाल्या, "तुजा जीव गुतला हुता त्यात. सुनांनी केल्यालं ग्वाडच म्हनावं."
सुनांनी म्हणाल्या. सुनेनं नाही.
मग तिकडे महिनाभर 'ग्वाड हाय' चाललं होतं ते? विचारायचं होतं. धीर झाला नाही.

संध्याकाळी ताजं पीठ, थोडंच दळलं. नाचणीची आंबील केली, गूळ बेताचा. वाटी पुसून प्यायल्या आणि म्हणाल्या, ग्वाड हाय.
मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले.