मृणालिनीला दाखवायची दुबई

५ जून १९९८, शुक्रवार

मृणालिनी आणि आमची अस्मी पहाटेच्या विमानाने पुण्याला गेल्या. उन्हाळ्याची सुट्टी. निघताना मृणालिनी म्हणाली, नऊ वर्षांत करामातला हा फ्लॅट आणि खालचं सुपरमार्केट सोडून तुम्ही आम्हाला काय दाखवलंत? सप्टेंबरात परत यायचं की नाही ते बघू.

'बघू' म्हणजे येणारच. तिची बोलायची पद्धत आहे.

तरी संकल्प: दर शुक्रवारी एक वस्ती पिंजून काढायची. तिथला माणूस, त्याचा स्वभाव, खाणंपिणं, सगळ्याचा अभ्यास. सप्टेंबरात दोघींना टॅक्सीत बसवून दुबई उलगडून दाखवणार. परत पुण्याचं नाव काढणार नाहीत.

आजपासूनच सुरुवात करणार होतो, पण विमानतळामुळे झोप झालेली नाही.

१२ जून

बर दुबई. निघायला थोडा उशीर झाला. दुपारी साडेबाराला मीना बाजारात. एकही दुकान उघडं नाही, रस्त्यावर चिटपाखरू नाही. निष्कर्ष: बर दुबईचा माणूस एकलकोंडा आणि धंद्याच्या बाबतीत निरुत्साही.

१३ जून

ऑफिसात गुणवंतला (आमचा अकाउंटंट, नागपूरचा, बोलायला फटकळ) निष्कर्ष ऐकवला. पोट धरून हसला. म्हणाला, अरे, शुक्रवारच्या नमाजाला सगळंच बंद असतं, नऊ वर्षं तू होतास कुठे? शुक्रवारी दुपारी मी झोपलेला असतो, पण हे त्याला सांगण्यात अर्थ नव्हता.

'निरुत्साही' खोडलं. 'एकलकोंडा' राहू दिलं.

१९ जून

शेहेचाळीस डिग्री. अभ्यास घरातून. खिडकीतून करामाचं निरीक्षण केलं. समोरच्या गॅलरीत कपडे वाळत होते.

२६ जून

देरा. अब्रात, म्हणजे इथल्या होडीत, बसून खाडी ओलांडली. शेजारी एक मलबारी गृहस्थ होते, त्यांना देराच्या माणसाचा स्वभाव समजावून सांगत होतो. ते मधेच उतरून गेले. त्यांच्या जागी दुसरे आले, त्यांनाही सांगितलं. उतरून बघतो तर पुन्हा बर दुबई. निष्कर्ष: दोन्ही काठांत वाटतो तितका फरक नाही.

पुण्याला फोन. मृणालिनी म्हणाली, अस्मीला शेजारी दोन मैत्रिणी मिळाल्या, पोहण्याच्या क्लासला वर्षाचे पैसे भरले. वर्षाचे भरले की स्वस्त पडतं, म्हणून असणार. अस्मी फोनवर आली, आय एम गोइंग डाउन टु प्ले म्हणाली आणि गेली. माझा अब्राचा किस्सा राहिला.

३ जुलै

घसा. गेलो नाही.

१० जुलै

घसा बरा होता, पण कशाला जोखीम घ्या.

संध्याकाळी शेजारच्या शहरबानू आल्या, खिचडा घेऊन. जाताना बाल्कनीतली कढीपत्त्याची कुंडी घेऊन गेल्या. म्हणाल्या, भाभीने फोन पे बोला है, तुम ले जाओ. मी पाणी घालायला विसरतो हे मृणालिनीच्या तिथे बसूनसुद्धा लक्षात आहे. बायकोचं प्रेम असं असतं.

कुंडीची जागा रिकामी दिसते. तिथे खुर्ची ठेवली.

२२ जुलै, बुधवार

राहिलेले शुक्रवार भरून काढायला अर्धा दिवस रजा टाकली. बागेत गेलो. बागेवरून वस्तीचा स्वभाव कळतो. आत जिकडे तिकडे बायका आणि पोरं. या भागातले पुरुष फार कामसू असावेत, असं टिपत होतो, तेवढ्यात गार्ड धावत आला. आज लेडीज डे. म्हणे बाहेर पाटी आहे. यल्ला, यल्ला करत गेटपर्यंत सोडायला आला. अस्मीच्या वयाची एक मुलगी झोक्यावरून बघत होती. तिला हात केला, तर तिच्या आईने तिला उचलून नेलं.

मृणालिनी दर बुधवारी अस्मीला घेऊन कुठे जायची ते आज कळलं.

१ ऑगस्ट, शनिवार

फोन. मृणालिनीला अस्मीचा स्कूल लीव्हिंग हवा आहे, तोही ओरिजिनल. व्यवस्थित बाई आहे, सगळे कागद एका ठिकाणी असलेले तिला आवडतात.

शाळेच्या क्लार्कने, वुई विल मिस अस्मी, असं म्हटलं. मी म्हटलं, नाही नाही, सप्टेंबरात येतेय ती. त्याने एकदा कागदाकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. इन्शाल्ला म्हणाला.

१४ ऑगस्ट

खोर फक्कान! गुणवंतला बंदरात काम होतं, त्याच्या गाडीतून गेलो. डोंगर फार सुंदर आहेत, असं गुणवंत म्हणाला. मला मसाफीच्या आधी झोप लागली ती बंदराच्या गेटपाशी मोडली. मला पास नव्हता. गाडीत बसून राहिलो. निष्कर्ष: खोर फक्कानचा माणूस कंटेनरच्या पलीकडे असतो.

परतताना गुणवंतने विचारलं, वहिनी खरंच येणार आहेत ना? मी म्हटलं, अर्थात. मग करामा येईपर्यंत तो रेडिओची बटणं फिरवत राहिला. रेडिओ लागत नव्हता.

२१ ऑगस्ट

मृणालिनीला सहकारी बँकेत नोकरी लागली. वेळ जात नसेल. मी तिला सांगितलं, जॉइन होतानाच सप्टेंबरचं सांगून ठेव, नंतर वाईट दिसतं. ती मग म्हणाली, मी चार दिवस येते, तेव्हा बोलू. अस्मीची शाळा बुडेल, ती नाही येणार.

येतेय! तयारीला लागलं पाहिजे. उद्यापासून.

४ सप्टेंबर, शुक्रवार

परवा मृणालिनी आली. आज टूर. अभूतपूर्व यश.

टॅक्सी ठरवली. मला वाटेत एक वळण आठवेना, तेव्हा तिनेच ड्रायव्हरला सांगितलं, भैया, अगले सिग्नल से यू-टर्न. मीना बाजारातला शिंपी तिला बघून मशीन सोडून उठला. मंदिराच्या गल्लीतल्या फुलवालीने तिचे दोन्ही हात धरले आणि चक्क रडली. अब्रावाल्याने अस्मीबेबी कैसी है विचारलं. देराच्या मसाल्यांच्या गल्लीत एका म्हाताऱ्या इराण्याने खजुराचा डबा दिला, पैसे घेईना. प्रत्येकाला ती सांगत होती, अब आना नहीं होगा. इतक्या उन्हात वरचेवर येणं जमत नाहीच.

मी विचारलं, ही सगळी तुला कशी ओळखतात? ती म्हणाली, तुम्ही ऑफिसला गेलात की मी आणि शहरबानू निघायचो. कधी अस्मीला घेऊन. तुम्हाला दोनतीनदा सांगितलंही होतं.

असेल. तरी माझ्यामुळे तिला आज दुबई पुन्हा बघायला मिळाली. परत येताना टॅक्सीत तिने माझा हात धरला होता. करामापर्यंत सोडला नाही. दुबईने जिंकलं तिला.

५ सप्टेंबर

सकाळी चहाबरोबर तिने दोघींचे पासपोर्ट टेबलावर ठेवले. व्हिसा कॅन्सल करायचे आहेत. स्पॉन्सर तुम्ही आहात, तुम्हालाच जावं लागेल, म्हणाली. भांडली नाही. भांडली असती तर मला काही सुचलं असतं.

मी म्हटलं, अजून शारजा राहिलंय. ती म्हणाली, अहो, मला शारजा नको होतं. मला तुम्ही हवे होतात.

टायपिंग सेंटरला (व्हिसाचे अर्ज तिथेच भरतात) गेलो. आतल्या पोराने विचारलं, फॅमिली फायनल जा रही है? मी हो म्हटलं. खलास, म्हणाला, आणि शिक्का मारला.

७ सप्टेंबर

तिला सोडून आलो. ऑफिसला गेलो. गुणवंतने डब्यातली अर्धी भाजी मला वाढली.

२५ सप्टेंबर, शुक्रवार

बिल्डिंगचा वॉचमन खैरुद्दीन वर आला. फार अवघडला होता. ही फॅमिली बिल्डिंग आहे, बॅचलरला ठेवता येत नाही, मालकाला कळलंय. महिनाअखेर खाली करावं लागेल. मी म्हटलं, मी बॅचलर नाही, लग्नाला बारा वर्षं झालीत. तो म्हणाला, साब, व्हिसा में अब अकेले हो ना.

मग त्याने आपुलकीने विचारलं, कहाँ जाओगे? आप तो सब इलाका घूमे हो.

मी तोंड उघडलं. देरा म्हणणार होतो, सत्वा म्हणणार होतो. एकही नाव बाहेर पडेना.  शेवटी तोच म्हणाला, सोच के बताना साब, आणि जिना उतरून गेला.

दार लावलं आणि हमसाहमशी रडलो. मला कुठल्याच वस्तीत राहायचं नाही. मला त्या दोघींजवळ राहायचं आहे. हे मृणालिनीला त्या दिवशी विमानतळावर सांगता आलं असतं. ती आत जायच्या आधी पाऊण तास आम्ही समोरासमोर बसलो होतो, आणि मी तिला नव्या टर्मिनलच्या बांधकामाची माहिती देत होतो.