केळीच्या मळ्यातला फितूर

सोमवार, १३ जानेवारी २०२५
चोपड्याच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी आम्हा रंगरूटांचा फील्ड कॅम्प. सात दिवस. शेवटी उस्ताद, म्हणजे आमचे प्रशिक्षक, आमच्यातून एकाला सेक्शन कमांडर करणार. एकाला म्हणजे मलाच. घरी एरंडोलला कळवून टाकलंय. आबांनी चौकात फ्लेक्ससुद्धा लावला. जरा लवकर झालं, पण फोटो चांगला आलाय.

संकल्प : सगळ्यांच्या आधी उठणे. कमी बोलणे. बडीवर लक्ष ठेवणे.

बडी म्हणजे नेमून दिलेला जोडीदार. खाणं, झोपणं, लढणं, सगळं जोडीनं. मला मिळाला शिरपूरचा पितांबर. माणूस बरा, पण घुम्या. शनिवारी त्याच्या बहिणीचा, दिपमालाचा साखरपुडा. एक दिवसाची सुट्टी मंजूर झालीय, तर स्वतःशीच हसत बसतो. सैनिकाला हे शोभत नाही.

मंगळवार, १४ जानेवारी, संक्रांत
आधी उठायचं राहिलं. पितांबरने उठवलं. माझे बूटही त्यानेच पुसले. मी सांगितलं नव्हतं.

रूट मार्च नेमका भिकुबाई मावशीच्या गावातून. पाण्याला थांबलो. मावशी म्हणाली, कितला वाळी गया रे भाऊ! डोळ्यांत पाणी तिच्या. म्हणून तिळगूळ घेताना फक्त एवढंच सांगितलं, की गुरुवारी आम्ही तोतारामनानांच्या केळीत लपणार आहोत, कुठे बोलू नकोस. मावशी घरचीच. कमी बोलण्याचा संकल्प मोडला असं म्हणता येत नाही.

गुरुवार, १६ जानेवारी, दुपारी ३
घात झाला! माझ्या आयुष्यात इतका मोठा घात कुणी केला नव्हता.

केळीत लपलो होतो. दुश्मन पार्टीने आम्हाला शोधायचं, असा सराव. मी लपण्यात एक नंबर, मुंगीलाही दिसलो नसतो. पण दुश्मन पार्टी इकडेतिकडे न बघता सरळ आमच्या ओळीत आली आणि त्यांच्यातल्या हसीबने माझ्या खांद्यावर हात ठेवून नाव घेऊन म्हटलं, चल नवल. अख्खा सेक्शन कैद.

हे आतल्या माणसाशिवाय होत नाही. आणि दहा मिनिटं आधी पाणी आणतो म्हणून मळ्याबाहेर कोण गेलं होतं? पितांबर. आला तेव्हा धापा टाकत होता. बाटली रिकामी.

संध्याकाळी ५
उस्तादांना रिपोर्ट दिला. नाव घेऊन. देशापुढे बडीबिडी काही नाही. उस्तादांनी पितांबरला विचारलं, बाहर किसलिए गया था? तो माझ्याकडे बघत राहिला. बोलला काहीच नाही. चोराच्या तोंडून काय निघणार! पाठीवर पिठ्ठू, त्यात वीस किलो रेती, आणि मैदानाला फेऱ्या. शनिवारची सुट्टी रद्द.

मला वाईट वाटलं. पण अभिमानही वाटला.

शुक्रवार, १७ जानेवारी
नळावर हसीब भेटला. म्हणाला, मावशीच्या हातचं भरीत एकदम भारी. मी म्हटलं, कोणाची मावशी?

माझी. काल डोक्यावर पाटी घेऊन आली होती. भरीत, कळण्याच्या भाकरी, कांद्याची पात. हिरव्या कपड्यातला जो दिसेल त्याला विचारत होती, मना नवल कोठे शे? केळीमा लपेल शे म्हने. दुश्मन पार्टीला आधी जेवू घातलं, मग बोट करून ओळही दाखवली. भरीत सगळं संपलं. मला चमचाभरसुद्धा उरलं नाही.

आणि हसीब म्हणाला, तुझा बडी बांधावर हात जोडून तिला परत जा, परत जा म्हणत होता.

म्हणजे पितांबरला माहीत होतं. ठिकाण मीच फोडल्याचं उस्तादांना कळलं असतं तर मी गेलोच होतो. म्हणून तो गप्प.

उस्तादांना सांगायलाच हवं. उद्या सकाळी पहिलं काम.

शनिवार, १८ जानेवारी
सकाळी ६ : उस्ताद दाढी करत होते. दाढीच्या वेळी असा विषय काढू नये.
९ : फायरिंग. आवाजात ऐकू गेलं नसतं.
११ : शिरपूरची एसटी साडेअकराला. अजून वेळ आहे. माझा घसा बसलाय.
१२ : एसटी गेली.
४ : आता सांगून काय फरक? पितांबर तंबूबाहेर बसून माझी बंदूक साफ करतोय. साखरपुडा झाला असेल.

रविवार, १९ जानेवारी
पितांबरचा चुलतभाऊ मोटरसायकलवर गेटपाशी येऊन दोन डबे देऊन गेला. एक पितांबरला. दुसऱ्यावर माझं नाव. आत बुंदीचे लाडू आणि चिठ्ठी : नवलदादा, तुम्ही खूप आजारी आहात आणि तुमच्याजवळ कुणीतरी थांबायला हवं, म्हणून येता येत नाही, असं आमचा भाऊ फोनवर म्हणाला. जिवाला जपा. तुमची बहीण, दिपमाला.

डबा झाकला. तसाच उठलो आणि उस्तादांकडे गेलो. मावशी, केळी, माझं तोंड, सगळं सांगितलं. उस्तादांनी सेक्शन कमांडरच्या नेमणुकीचा कागद पुढे ओढला. मग विचारलं, बहन की सगाई कब थी? मी म्हटलं, कल थी, उस्ताद. त्यांनी कागदावरचं माझं नाव खोडलं. दुसरं लिहिलं. ते कोणाचं, हे बघायला मी थांबलो नाही.

तंबूत आलो. पितांबर डबा उघडून बसला होता. लाडू पुढे करत म्हणाला, काय रे, तब्येत कशी शे आते?

मी म्हटलं, बरी नाही.