सोमवारचे आभार

१२ जानेवारी

ती. ताईस,

घुम्याचा सा. न. वि. वि. तुझं पत्र येऊन पंधरा दिवस झाले, उत्तर आज देतोय. रागावली असशील. राग बाजूला ठेवून पुढचं वाच.

गेल्या मंगळवारी लाँड्रीत अपघात झाला. हॉस्पिटलच्या चादरींसाठी आमच्याकडे तो मोठा रूळ आहे, तू आली होतीस तेव्हा पाहिलास. तापलेला रूळ सारखा फिरत असतो. ओली चादर एका बाजूने आत सारायची, दुसऱ्या बाजूने ती कोरडी, कडक होऊन बाहेर येते. त्यावर आठ वर्षं एकच बाई आहेत. सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, वयाने नव्हे, उंचीने. चादरीच्या कोपऱ्याबरोबर त्यांचा उजवा हात आत गेला. तीन बोटं गेली, तळवा भाजला. हॉस्पिटलात त्यांना ज्या पलंगावर ठेवलं त्यावर आमचीच चादर होती. ती कोणी इस्त्री केली असेल ते मी मनात येऊ दिलं नाही.

मशीन तपासायला सरकारी माणूस येणार आहे. काहीतरी बिघाड असणार. मी ठीक आहे, जेवतो. तुझी वहिनी म्हणते जेवत नाही, पण तिला माझं जेवण लग्नापासून कमीच वाटतंय.

तुझ्या मांजराला माझी ओळख राहू दे, आणि तुझा लोभही.

तुझा,
घुम्या


१९ जानेवारी

चि. घुम्यास,

ताईचे आशीर्वाद. तुला हे नाव मीच ठेवलं, सात वर्षांचा होईपर्यंत तू हूं आणि ऊंहूं यापलीकडे बोलला नाहीस म्हणून. तुझं पत्र चार ओळींच्या पुढे कधी गेलं नाही. या वेळी पान भरलं, तेव्हाच मला वाटलं की पाणी कुठेतरी मुरतंय.

बाईंचं वाचलं. त्यांच्या घरी कोण आहे, कामाला माणूस लागेल का, ते कळव.

तू स्वतःला सांभाळ. नव्याने धंदा काढलेल्यांच्या शिबिरातून तू आलास तेव्हा मला किती दिवस तेच ऐकवत होतास, की रोज कोणाचे ना कोणाचे आभार मानले की माणूस तगतो. मी तर वहीच घातली होती. आता तूही घाल. रोज तीन गोष्टी लिही. हसू नकोस, तुझंच औषध तुला देतेय.

एक विचारायचं होतं. माझं आयुष्य शिलाई मशीनांत गेलं, तुझ्या रुळातलं मला फारसं कळत नाही. पण तू मला रूळ दाखवलास तेव्हा पुढे एक आडवी दांडी होती. हात लागला की मशीन जागच्या जागी थांबतं म्हणालास, आणि मला हात लावून बघायलाही लावलंस. ती दांडी त्या दिवशी कुठे होती?

मांजराची तुझ्यावर माया आहे, माझीही आहेच.

तुझी,
ताई


२ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आधी वहीचं लिहितो.

पहिल्या दिवशी लिहिलं, माझे दोन्ही हात शाबूत आहेत. आणि पेन खाली ठेवलं. दुसऱ्या दिवशी लिहिलं, याहून वाईट होऊ शकलं असतं. मग वाटलं, कोणाचं? तिसऱ्या दिवशी बायको, घर आणि तू अशी तीन नावं घातली. शाळेतल्या हजेरीसारखी दिसत होती. पुढे काही सुचलं नाही. जी ओळ लिहावी ती त्या बाईंच्या हातावर उभी राहते.

तुला माझ्या सोमवारांचं माहीत आहे. काम सुरू व्हायच्या आधी मी चौदाही जणांना गोल उभं करायचो. कोणी गेल्या आठवड्यात काय चांगलं केलं ते सांगून आभार मानायचो, सगळे टाळ्या वाजवायचे. सहा वर्षं हे चाललं. त्याने मी बदललो हे खोटं नाही. आधी मी सगळ्यांच्या अंगावर वसकन जायचो, छातीत धडधडायचं, रविवारीसुद्धा कपाळाची आठी जायची नाही. आभार मानायला लागलो आणि घरी हसत यायला लागलो. शिबिरवाल्यांनी मला दोनदा स्टेजवर बोलावून दाखवलं, की बघा, समाधानी धंदेवाला असा असतो. मला ते पटलं होतं. मी खरंच समाधानी होतो.

आता दांडी. ती जागेवर होती. मी ती तारेने बांधून ठेवली होती. बाही लागली, चादरीचं टोक लागलं, की मशीन थांबायचं. पुन्हा तापेपर्यंत सगळे हात बांधून उभे. आणि हॉस्पिटलची गाडी पाचच्या ठोक्याला दारात. मोठ्या बाई मला दोनदा म्हणाल्या की साहेब, ती तार काढा, एखाद्या दिवशी महागात पडेल. दोन्ही वेळेला मी पुढच्या सोमवारी सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले, वेळेवर लक्षात आणून दिल्याबद्दल. टाळ्या झाल्या. तार तशीच राहिली. तिसऱ्यांदा त्या काही बोलल्या नाहीत. टाळ्या घेतल्यावर माणूस तिसऱ्यांदा काय बोलणार.

हे मी अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुझ्या वहिनीलासुद्धा नाही.

लोभ ठेव म्हणायला आज जीभ रेटत नाही.

घुम्या


६ फेब्रुवारी

चि. घुम्यास,

आशीर्वाद. हा शब्द आधी खोडला होता, पुन्हा लिहिला.

होतं असं कधीकधी, असं मी म्हणणार नाही. दुसरे म्हणतील, त्यांना म्हणू दे. हे झालं नाही, तू केलंस. तुला लहानाचं मोठं मी केलं, म्हणून मलाच हे लिहावं लागतंय.

माझ्या वहीचंही आज खरं सांगते. युनिफॉर्म शिवायचं दुकान मोडलं त्या वर्षी मी ती लिहायचे, आणि त्यानेच तरले असं गावभर सांगायचे. परवा ती माळ्यावरून काढली. पानामागून पान एकच ओळ आहे, आज छान ऊन पडलं. ढगाळ दिवसांतही तेच. मी बाहेर बघतच नव्हते रे. फक्त एका पानावर वेगळं आहे. काजं करणारी ती बुटकी बाई आठवते? दुकानाला कुलूप लागायचं ठरल्यावरही ती आठवडाभर येत राहिली. सगळ्या सुया आकारावारी लावून, तेलाच्या फडक्यात गुंडाळत बसायची, गंजू नयेत म्हणून. कोणाच्या उपयोगी पडणार होत्या त्या? ते पान वाचून मला रडू आलं. त्या अख्ख्या वहीत तेवढंच एक पान खरं आहे, कारण तेवढ्या दिवशी मी कोणाकडे तरी पाहिलं होतं.

तपासणीला येणाऱ्या माणसाला तारेचं सांग. मग बाईंकडे जा. फळं नेऊ नकोस. आभार तर मुळीच मानू नकोस. काय म्हणतील ते ऐक आणि मला कळव.

रागावलेली पण तुझीच,
ताई


२० फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. सांगितलं. तपासणीच्या माणसाला तार सापडली नसती. अपघात झाला त्याच दुपारी मी ती सोडून खिशात घातली होती, महिनाभर ती माझ्या कपाटात होती. ती त्याच्या टेबलावर ठेवली. तो कागद पुढे ओढून लिहायला लागला. रुळाला सील लागलं, माझ्यावर केस होईल. हॉस्पिटलने कपडे पाठवणं थांबवलं. चार जणांनी दुसरीकडे काम धरलं, मी अडवलं नाही.

मग बाईंकडे गेलो. तिसरा मजला, दोन खोल्या. नवऱ्याने दार उघडलं, बस चालवतात ते. मला ओळखलं, आत बोट दाखवलं आणि स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला. मी निघेपर्यंत तो नळ चालू होता. माझा आवाज कानावर पडू नये म्हणून असणार.

बाई खिडकीशी बसल्या होत्या, हात उशीवर. मी तारेचं बोललो. त्या म्हणाल्या, मला माहीत होतं, रोज डोळ्यांसमोर होती. मग जे बोलल्या ते मी जसंच्या तसं लिहितो. म्हणाल्या, तुमच्या आभारांचा राग नाही, मला ते आवडायचे याचा राग येतो. दोन्ही सोमवारी त्या खूश होऊन घरी गेल्या होत्या. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं, असं नवऱ्याला सांगितलं होतं. म्हणाल्या, त्या टाळ्या वाजल्या आणि मला वाटलं काम झालं. तुम्हालाही तसंच वाटलं असणार.

मग त्यांनी मला विचारलं की मी दिवसभर काय करायचे ते सांगा बघू. मी म्हणालो, इस्त्री. त्या म्हणाल्या, आणखी? मला पुढे काही येईना, ताई. सहा वर्षं दर सोमवारी आभार मानले, आणि कशाचे ते मला माहीत नव्हतं. त्यांनीच सांगितलं. लहान मुलांच्या वॉर्डातल्या चादरी ओळखून त्या उलट्या बाजूने रुळात घालायच्या, शिवणीची कड मुलांच्या अंगाला बोचू नये म्हणून. डाग न गेलेली चादर बाजूला काढून स्वतः हाताने पुन्हा घासायच्या, पेशंटच्या माणसांना रक्त दिसू नये म्हणून. तास दीड तास त्या बोलल्या, मी ऐकलं. शेवटी म्हणाल्या, आता पुन्हा येऊ नका.

खाली उतरल्यावर किती वेळ जिन्यात बसलो माहीत नाही.

घुम्या


११ मार्च

ती. वन्संना,

सा. न. तुमच्या भावाचं पत्र आलं नसेल म्हणून मी लिहितेय. मला त्यांनी सगळं सांगितलंय.

हे रोज सकाळी डबा घेऊन लाँड्रीत जातात. तिथे काम काहीच नाही. परवा मी मागोमाग गेले. बंद रुळासमोर, बाई उभ्या राहायच्या तिथे, हे उभे होते. डबा कोपऱ्यात तसाच. मी विचारलं काय करताय, तर म्हणाले, इथून काय दिसतं ते बघतोय. आणि सांगितलं की समोर नुसती भिंत आहे, आठ वर्षं भिंतच होती.

शिबिरवाल्यांचा फोन आला होता. संकटातही कृतज्ञ राहणाऱ्यांवर कार्यक्रम आहे, बोलाल का म्हणून. ह्यांनी फोन ठेवला आणि हसले. ते हसणं मला आवडलं नाही. अंगावरचे कपडे ढगळ झालेत. डॉक्टरकडे नेलं, गोळ्या दिल्यात, त्या मी मोजून माझ्याजवळ ठेवते. यापेक्षा जास्त पत्रात लिहीत नाही.

तुमच्या गुडघ्यांना जिना जड आहे, कळतं मला. तरीही या.

तुमची,
भावजय


१४ मार्च

चि. घुम्यास,

दोन एप्रिलच्या सकाळच्या गाडीने येतेय. मांजर शेजारी ठेवलंय. गुडघ्यांचं मी बघते, तू जिना झाडून ठेव. बोलायचं नसेल तर हूं आणि ऊंहूं पुरे, मला सवय आहे.

तोपर्यंत मला एक पत्र लिही. लांब लिही. पत्र आलं नाही तर मी त्याआधीच निघेन.

ताई


२९ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. जिना झाडलाय.

लाँड्री काल बंद केली. मशीनं गेली, सील निघाल्यावर रूळ भंगारात गेला, तो मी कोणाला वापरायला दिला नाही. राहिलेले नऊ जण आपापल्या वस्तू न्यायला आले. नेहमीच्या जागी, सवयीने गोल करून उभे राहिले. मी आभार मानले नाहीत. ज्याला सांगावंसं वाटेल त्याने सांगा, मला न दिसलेलं तुम्ही काय करत होतात, एवढंच म्हणालो.

मग कपडे वाळवणारा म्हणाला की त्याला उजव्या कानाने ऐकू येत नाही, ड्रायरशेजारी राहून राहून. म्हणून तो सोमवारी डाव्या बाजूला उभा राहायचा, आभार तरी ऐकू यावेत म्हणून. कपडे निवडणाऱ्या बाई म्हणाल्या की चादरींत इंजेक्शनच्या सुया येतात. दोनदा टोचल्यावर त्यांनी घरून जाड हातमोजे आणले होते, आणि नव्या आलेल्या मुलींनाही स्वतःच शिवून दिले होते. असे आठ जण बोलले. दुपार झाली. आठही गोष्टी मी विचारल्या असत्या तर सहा वर्षांपूर्वीच कळल्या असत्या. हलकं वाटेल असं तुझ्या वहिनीला वाटत होतं. हलकं वाटलं नाही. पण त्या आठ जणांची तोंडं मला आज नीट आठवतात, हे खरं.

नववी घड्या घालणारी. रुळाच्या पलीकडच्या बाजूला उभी राहून, बाहेर येणारी चादर धरायची तिने. तिने एप्रनची चौघडी घालून टेबलावर ठेवली. तेव्हा तिची बाही वर सरकली आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचा व्रण दिसला. माझ्या तोंडाकडे बघून वाळवणाऱ्याने सांगितलं की त्या दिवशी मशीन हिने बंद केलं. बटण बाईंच्या बाजूला होतं, फिरून जायला वेळ नव्हता, म्हणून हिने रुळावरून हात टाकला. नाहीतर बाईंचा हात खांद्यापर्यंत गेला असता. दुसऱ्या दिवशी ती लांब बाह्यांचा सदरा घालून कामाला आली होती.

मशीन कोणी बंद केलं, हे मी तीन महिन्यांत एकदाही कोणाला विचारलं नव्हतं, ताई. माणसांचे आभार मानतो म्हणून मला स्टेजवर बसवत होते.

मी तिच्यापाशी गेलो. शब्द ओठापर्यंत आला होता. तिने मान हलवली आणि म्हणाली, साहेब, आता नको. मग पर्स खांद्याला लावून निघाली. दार जड आहे, भाजलेल्या हाताने तिला ते ओढता येईना. मी पुढे होऊन धरलं. ती माझ्याकडे न बघता बाहेर पडली, आणि मी दार धरून तसाच उभा राहिलो.

दोन तारखेला स्टेशनवर येतो. बरा आहेस का, हे मात्र विचारू नकोस.

तुझा,
घुम्या