सवतीची चांदी

३ डिसेंबर

पोचले एकदाची उदगीरला. अकरा खोकी, एक नवरा आणि मी. खोक्यांतलं काहीही फुटलं नाही, याचा आनंद लग्नाच्या आनंदाहून किंचित जास्तच झाला. हे इथे लिहायला हरकत नाही, कारण हरिओमला आडतीच्या पट्ट्यांखेरीज काही वाचायची सवय नाही.

छत्तिसाव्या वर्षी लग्न ठरवून नाशिकचं जुन्या वस्तूंचं दुकान बंद केलं, तेव्हा 'दामिनी खुळावली' म्हणून सगळ्यांनी मला वेड्यात काढलं. काढोत. घर नवंकोरं आहे, स्टेशनपासून जवळ, आणि वरची अख्खी खोली हरिओमने माझ्या संग्रहाला दिली आहे. दुपारभर मांडामांड केली. ब्रह्मदेशातली लाखेची तबकं, कागदी लगद्याचे काश्मिरी डबे, निळ्या चिनी बरण्या. आणि पूर्वेच्या खिडकीत, मानाच्या जागी, माझी बिदरी भांडी: काळंभोर अंग आणि त्यावर चांदीच्या वेली. ती जिथे घडतात ते बीदर इथून दोन तासांवर आहे. मला तर माहेरी आल्यासारखं वाटतंय.

सासूबाई, तारामतीबाई, दारात उभ्या राहून बघत होत्या. एवढ्या डबड्यांत वर्षाचं लोणचं मावलं असतं, असं त्यांचं मत पडलं. मला आवडल्या.

९ डिसेंबर

हरिओमची पहिली बायको पुनम चार वर्षांपूर्वी गेली. सातवा महिना चालू होता, बाळही गेलं. हे मला माहीत होतं. तिला मी गळ्यात घालायचं आहे, हे माहीत नव्हतं.

आज पूजा झाली आणि सासूबाईंनी काळ्या दोऱ्यात ओवलेला चांदीचा टाक माझ्या मंगळसूत्राशेजारी बांधला. बोटाच्या पेराएवढा पत्रा, त्यावर उठवलेली एक बाई. सवतीचा टाक. दुसरेपणावर आलेल्या बाईने तो मरेपर्यंत घालायचा. नवी साडी आली की आधी टाकाला लावायची, मग नेसायची. हळदीकुंकू आधी टाकाला. जेवताना पहिला घास टाकाला टेकवायचा. "आधी तिला, मग तुला. येवढं पाळलं की ती काय बोलत न्हाई," असं त्या म्हणाल्या.

चाल मला भारीच वाटली. टाक मात्र आवडला नाही. साच्यात छापलेला, नाकाचा पत्ता नाही, डोळे म्हणजे दोन टिंबं. जुन्या कारागिराच्या हातचा असता तर हसत घातला असता.

२८ डिसेंबर

रोज सकाळी आडतीवर निघताना हरिओम माझ्याजवळ येतो, टाक दोन बोटांत धरतो आणि डोळे मिटतो. मग डोळे उघडून मला म्हणतो, येतो. मधल्या वेळात मी तिथे नसतेच. तिला अडकवायची खुंटी आहे मी.

राग आला. चांगला सणसणीत राग आला. मेलेल्या बाईचा मत्सर करणं शोभत नाही, हे मला कळतं. पण काल संक्रांतीची काळी साडी आली. सासूबाईंनी ती टाकाला लावली आणि माझ्याकडे न बघता म्हणाल्या, पुनमला काळा रंग लई खुलायचा. मी शेजारीच उभी होते, हात पुढे करून.

१६ जानेवारी

केलं.

बीदरला जाऊन आले. तिथले गुरुबसप्पा बिदरीचे जुने कारागीर, माझी दुकानापासूनची ओळख. टाक त्यांच्यापुढे तसाच ठेवला असता तर त्यांनी ओळखला असता, म्हणून आधी वरच्या खोलीत, दुकानातून आणलेल्या छोट्या ऐरणीवर ठेवून ठोकला. हातोडीच्या तिसऱ्या घावाला तिचा चेहरा गेला. मला बरं वाटलं. खोटं कशाला लिहू?

मोडकं पैंजण आहे, असं त्यांना सांगितलं. याची तार ओढा आणि पानाच्या डबीवर वेल जडवून द्या. गळ्यात आता लातूरच्या सराफाकडून आणलेला दुसरा टाक आहे. साच्यातलाच तो, हुबेहूब मिळाला. सासूबाईंना मोतीबिंदू आहे. आज सकाळी हरिओमने तो रिकामा पत्रा धरून डोळे मिटले, तेव्हा मला हसू आवरेना. पुनमबाई, तुम्ही आता माझ्या संग्रहात.

२ फेब्रुवारी

डबी आणली. बिदरीत अगदी शेवटी किल्ल्यातली माती नवसागराबरोबर उकळून भांड्याला चोळतात. भांड्याचं जस्त काळं पडतं, चांदी पांढरी राहते. सगळी जादू एवढीच. गुरुबसप्पांच्या हातून ती उभ्या आयुष्यात चुकलेली नाही. माझ्या डबीवरची मात्र चांदीही काळी पडली. वेल आहे, बोटाला लागते, पण दिसत नाही.

त्यांनी डबी माझ्या हातात दिली नाही, जमिनीवर ठेवली. हे पैंजण न्हाई अक्का, म्हणाले, ज्याचं हाय त्याला देऊन टाका. काय लबाडी केली हे विचारलंसुद्धा नाही. मी रागारागाने निघून आले. आता काळी तर काळी, खिडकीत ठेवली आहे.

१४ फेब्रुवारी

हळदीकुंकवाचं आता मी घाईत उरकते आणि घास तर टाकाला टेकवतच नाही. रिकाम्या पत्र्याला कशाला भरवायचं?

आज दुपारी भाकरीचा पहिला तुकडा तोंडात घातला तो ओला लागला. कुणीतरी चावून ठेवल्यासारखा. थुंकला. वर गेले, उगाच डबी उघडली. आत चिमूटभर कुंकू होतं आणि भाकरीचा एक तुकडा, ताजा. वरच्या खोलीची किल्ली माझ्याच कमरेला असते.

११ मार्च

दिवस राहिलेत! मला! हरिओम पोरासारखा रडला. सासूबाईंनी गूळ वाटला. मी ही आशा कधीच सोडून दिली होती. बरण्या आणि डबे गोळा करत होते ते काय उगाच? आता वाटतं, सगळी खोली कुणीही उचलून न्यावी, मला फक्त हे लेकरू हवं. माझं. इतकं काहीच कधी हवं झालेलं नाही.

हरिओमने आणलेली हिरवी साडी नेसायला काढली. कोरी, दुकानातली घडी. आतून ती चुरगळलेली होती आणि कोमट होती, कुणीतरी आत्ताच सोडून ठेवल्यासारखी.

मग सुचलं. घास झाला, कुंकू झालं, साडी झाली. सगळं आधी तिला. माझ्याकडे आता नवं काय आहे?

२४ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं व्यवस्थित आहे. पंधरा दिवस मी पाळते आहे. पहिला घास डबीला. कुंकू डबीला. नाक घासून माफी मागितली.

घास तसाच पडून राहतो. मुंग्यासुद्धा लागत नाहीत. तिला घास नको झालाय.

९ एप्रिल

सासूबाईंना सगळं सांगितलं. हातोडीसकट. त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. बराच वेळ त्या माझ्या गळ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "गळा व्हता म्हून ती गप व्हती. तू तिचा गळा काढून घेतलास. आता ती तिचा गळा हुडकंल."

खोटा टाक त्यांनी तोडून मोरीत टाकला. उद्या डबी घेऊन सोनाराकडे जाणार आहेत. चांदी काढायची, पुन्हा पुनमचा टाक करायचा, पुन्हा माझ्या गळ्यात. मी हो म्हणाले. दोन बांधा म्हणाले.

११ एप्रिल

सोनाराने डबी फोडली. वेलीच्या खाचा तशाच आहेत. चांदी नाही. गुंजभरही नाही. सासूबाई एवढंच म्हणाल्या, ती आता हितं न्हाई.

मग कुठे?

२० एप्रिल

तोंडात धातूची चव. सकाळी मी इकडच्या येसर मसाल्याची आमटी केली. मला येसर कशाशी खातात ते माहीत नाही. हात आपोआप चालले. हरिओमने एक भुरका मारला आणि वाटी खाली ठेवून माझ्याकडे बघत राहिला. नंतर दोन वाट्या मागून घेतल्या.

वर गेले. निळ्या बरण्या कुठल्या देशाच्या, ते आठवेना.

७ मे

हरिओमने पुनम म्हणून हाक मारली. मी ओ दिली.

तो चुकला नव्हता. तो माझ्याकडे बघत होता. पहिल्यांदा, टाकाकडे नाही, माझ्याकडे — आणि किती खूश होता —

२ जून

नवा टाक आलाय. सासूबाईंनी करून आणला. त्यावरची बाई — मी विचारलं कुणाचा. त्यांनी उत्तर दिलं ते माझ्या तोंडाला नाही, टाकाला दिलं. "दोघी हाईत म्हणल्यावर एकीला गळ्यात ऱ्हावंच लागतं, दामिनी. पयली आलती ती घरात ऱ्हाईल."

रडत होत्या. पण बांधला.

९ जून

सकाळी कुंकू. आधी टाकाला, मग कपाळाला. टाकाला लावलेलं मला कळलं. गार, ओलं, तोंडभर. कपाळावरचं —

कपाळावरचं कळलं नाही.

२३ जून

ती दुपारची झोपते तेव्हाच हात मिळतो. थोडा. अक्षर बिघडलंय. वरची खोली रिकामी केली, माझी भांडी खोक्यांत — तिने ती स्वतः भरली, एकेक, माझ्यासमोर. चिनी बरणी मुद्दाम हातातून सोडली. खाली, गळ्याकडे बघून हसली.

पहिला घास मला देतात. पाळतात सगळं. तोंड उघडत नाही.

५ जुलै

बाळ हललं. घरभर हसणं. हरिओमचा हात पोटावर, सासूबाईंचा हात पोटावर. मला कळलंच नाही. ऐकून कळलं. माझं बाळ, आणि मला ऐकून —

लवकर लिहिते. ती कूस बदलते आहे.

बाळा. ती तुझी आई नाही. ती तुला पाजायला घेईल तेव्हा तुझ्या गालाला एक गार पत्रा लागेल. ती मी आहे. घट्ट मूठ धर. ओढ. दोरा तोड, लेकरा, एवढं कर, मग मी तिला —